पाणी मुरलंच पाहिजे

मासळीवर प्रक्रिया करणारी कंपनी काढायचं तुम्ही ठरवलंत, हे ऐकून बरं वाटलं. लोक उगाच घाबरवतात. समुद्राचा भरवसा नाही, माल नासतो, गिऱ्हाईक सातासमुद्रापार. तुम्ही कानाडोळा करा. या धंद्यात मासा दुय्यम असतो, खरा माल पाणी. ते कुठे घालायचं, कोणत्या रूपात विकायचं आणि उरलेलं कुणाच्या दारात सोडायचं, एवढं ज्याला उमगलं त्याची कंपनी वाढलीच म्हणून समजा.

सुरुवात शीतगृहापासून करा. समुद्रात मासळी किती शिल्लक आहे याची चौकशी आधी करणं हे भित्र्यांचं लक्षण. जेवढं कर्ज मिळेल तेवढं मोठं शीतगृह बांधा, मग हप्ते फेडायला रोज किती टन माल लागतो याचा हिशेब मांडा आणि तो आकडा समुद्राला कळवा. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर असंच चाललं होतं. १९६८ साली तिथल्या पाण्यातून आठ लाख टनांहून जास्त कॉड मासा निघाला. जहाजं मोठी, कारखाने मोठे, भूक त्याहून मोठी. २ जुलै १९९२ रोजी सरकारला कॉडची व्यापारी मासेमारी बंद करावी लागली आणि मच्छीमार, कामगार मिळून सुमारे ३० हजार लोक एका दिवसात बेकार झाले. बंदी दोनच वर्षांची होती. ती उठली २०२४ मध्ये, तीही १८ हजार टनांच्या परवानगीवर. पण तुम्ही मन खट्टू करू नका. कारखाना बत्तीस वर्षं बंद राहिला तरी इमारत कुठे जात नाही.

आता गोठवणं. माशाच्या अंगात मुळातच सत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणजे निसर्गाने अर्धं काम आधीच करून ठेवलंय. उणे १ ते उणे ५ अंश या टप्प्यात त्या पाण्याचं बर्फ होतं. हा टप्पा झटकन ओलांडला तर बर्फाचे कण बारीक राहतात. रेंगाळला तर कण मोठे होतात, मांसाच्या पेशी फाडतात आणि वितळताना सगळा रस ताटात. म्हणून शहाणे लोक उणे ३५-४० अंशांची थंड हवा जोरात सोडतात. त्याला वीज लागते, आणि विजेचं बिल तुम्हाला भरायचंय. तेव्हा ट्रॉल्या अशा दाटीवाटीने भरा की हवेला वाट मिळू नये. उणे १८ हा आकडा मालाच्या गाभ्यात यावा लागतो असं नियम म्हणतो. थर्मामीटर गाभ्यात खुपसण्याची तसदी कशाला? पंख्यासमोर धरा, एका मिनिटात उणे १८ दाखवतो. यंत्रसुद्धा मन ओळखतं.

खरी कला पुढे आहे. गोठलेल्या कोळंबीवर पाण्याचा पातळ थर चढवतात, त्याला ग्लेझिंग म्हणतात. हेतू चांगला आहे. बर्फाचं हे चिलखत असलं की माल शीतगृहात सुकत नाही, त्याला खवट वासही लागत नाही. पण चांगल्या हेतूला मर्यादा कशाला घालायच्या? एक बुडी चिलखताची, दुसरी नफ्याची, तिसरी पोराच्या परदेशातल्या शिक्षणाची. पाकिटावर लिहायचं ते वजन बर्फ वगळून असावं, असा जगभरचा दंडक आहे. तो पाळणाऱ्या कंपन्याही आहेत, त्यांना माझी सहानुभूती.

बाहेरून पाणी चढवून समाधान झालं नाही तर आतून चढवा. फॉस्फेटच्या द्रावणात कोळंबी बुडवली की ती पाणी धरून ठेवते. बेताने वापरलं तर शिजवताना रस सुटत नाही, आणि तेवढ्यासाठीच ते वापरायचं असतं. बेत सोडून वापरलं तर कोळंबी बाळसं धरते. या बाजारात कोळंबी एका पौंडात किती बसतात त्यावर विकली जाते. १६ ते २० बसल्या तर भाव चढा, २१ ते २५ बसल्या तर थोडा कमी. म्हणजे रात्री २१-२५ च्या टबात झोपलेली कोळंबी सकाळी १६-२० होऊन उठू शकते. एवढी बढती सरकारी नोकरीतसुद्धा एका रात्रीत मिळत नाही. गिऱ्हाइकाच्या तव्यावर ती पुन्हा मूळ पदावर येते, पण तोवर पैसे जमा झालेले असतात.

नावाचंही तसंच. मासा बदलता येत नसेल तर त्याचं नाव बदला. पॅटागोनियन टूथफिश नावाचा एक दांडगा, कुरूप मासा कुणी खायला तयार नव्हतं. १९७७ मध्ये ली लँट्झ या अमेरिकी व्यापाऱ्याने त्याला ‘चिलियन सी बास’ म्हटलं. तो बास नव्हता आणि फक्त चिलीचाही नव्हता, पण पुढे इतका खपला की चोरून पकडला जाऊ लागला. ही झाली कायद्यातली वाट. कायद्याबाहेरची अजून रुंद आहे. ओशाना या संस्थेने २०१० ते २०१२ या काळात अमेरिकेत १,२१५ नमुन्यांचा डीएनए तपासला, तेव्हा एक तृतीयांश मासे भलत्याच नावाने वावरत होते. रेड स्नॅपर म्हणून विकलेल्या १२० नमुन्यांपैकी खरे निघाले सात. कातडी सोलून तुकडे केले की मासा स्वतःची ओळख सांगू शकत नाही, ही त्याची मोठीच सोय आहे.

आता कागद. हॅसप नावाची एक पद्धत आहे, कोणत्या टप्प्यावर धोका आहे ते आधीच शोधून तिथे पहारा ठेवायची. १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी ती निघाली. आकाशात पोट बिघडलं तर जायचं कुठे, असा साधा प्रश्न होता. अमेरिकेने डिसेंबर १९९७ पासून मासळीला ती सक्तीची केली आणि तिथे माल पाठवणाऱ्या सगळ्यांनाच वही घालावी लागली. तुमची वही सुबक ठेवा. दर दोन तासांची नोंद एकाच पेनने, एकाच हस्ताक्षरात, एकाच बैठकीत. ज्या रात्री वीज गेली होती आणि जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, त्या रात्रीसुद्धा पहाटे चार वाजता उणे १८.२ लिहायला विसरू नका. त्यात दशांश चिन्ह महत्त्वाचं. त्यामुळे आकडा खरा वाटतो.

ट्यूना किंवा बांगड्याच्या जातीचा माल असेल तर ही वही जरा जास्तच उपयोगी पडते. तो काही तास उबेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं. एकदा तयार झालं की ते गोठवून जात नाही, शिजवून जात नाही, डबाबंद करूनही जात नाही. फक्त वहीतून जातं.

कोळंबी तळ्यातली असेल तर आणखी एक गंमत. तळ्यात रोग आला की घाबरलेला शेतकरी हाताला लागेल ते औषध ओततो. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकावर बंदी आहे, तरी तेही. युरोपात कारवाईची रेषा किलोला ०.१५ मायक्रोग्रॅमवर आहे, म्हणजे अब्ज भागांत एक भागसुद्धा नाही. तेवढं सापडलं तर अख्खा कंटेनर माघारी किंवा भट्टीत. यावर उपाय म्हणजे तळ्यापासून माग ठेवणं, काढणीआधी नमुना तपासणं, शेतकऱ्याला आधी विश्वासात आणि मग पैशात घेणं. हे सगळं खर्चिक आहे. त्यापेक्षा कंटेनर निघाला की डोळे मिटा आणि तो बंदरात लागेपर्यंत उघडू नका. पाच-सहा आठवड्यांची शांत झोप या धंद्यात दुसरीकडे मिळत नाही.

माणसांविषयी थोडक्यात. कोळंबी सोलायला यंत्रं आहेत, पण बारीक काम अजून बोटांनाच जमतं, आणि ती बोटं बहुतेक ठिकाणी बायकांची असतात. आठ-दहा तास बर्फाच्या पाण्यात, पायाखाली ओली फरशी, मजुरी सोललेल्या किलोवर. हे सगळे लोक ठेकेदाराच्या नावावर ठेवा. कोळंबी तुमची, बोटं त्याची. २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहरांनी ठेकेदाराच्या मागे काय असतं ते आग्नेय आशियात जाऊन पाहिलं आणि दोन हजारांहून जास्त माणसं वेठबिगारीतून सुटली. आमच्या पुरवठादाराने आम्हाला सांगितलं नव्हतं, असं म्हणायचं वाक्य आधीच छापून ठेवा, वेळेवर घाई होत नाही. (इथे मला विनोद सुचत नाहीये, पुढे जाऊ.)

वाढ झाली की हाव धरा. नुसता माल विकून काय होणार, खाणाऱ्याच्या ताटापर्यंत पोहोचा. थायलंडच्या थाई युनियन या बलाढ्य मासळी कंपनीने अमेरिकेतल्या रेड लॉबस्टर या उपाहारगृहांच्या साखळीत पैसा घातला. २०२३ मध्ये तिथे २० डॉलरमध्ये हवी तेवढी कोळंबी ही योजना कायमची झाली. गिऱ्हाइकांनी ‘हवी तेवढी’ हे शब्द मनावर घेतले. योजनेने एक कोटी डॉलरहून मोठा खड्डा पाडला आणि मे २०२४ मध्ये साखळीने दिवाळखोरी जाहीर केली. दुखणी इतरही होती, पण कोळंबीचं दुखणं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. कंपनी विकत असते पाणी धरून आणि माणूस खातो मासा धरून, हा हिशेब तिथे चुकला असावा.

राहिलं सांडपाणी. रक्त, खवले, चरबी, डोकी धुतलेलं पाणी सोडलं की त्यातली घाण कुजताना पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकते. ते शुद्ध करायचं यंत्र बसवा, तपासणीच्या दिवशी चालवा. कोळंबीचं डोकं आणि कवच म्हणजे जवळजवळ निम्मं वजन, त्यापासून कायटोसान हा उपयोगी पदार्थ काढणार असं प्रकल्प अहवालात लिहा. ते पान फार देखणं दिसतं. बाकीचं नळीने खाडीत. त्याच खाडीत मासळीची पिल्लं वाढतात असं कुणी म्हणालंच, तर त्याला सांगा की आपण गोठवलेला माल घेतो, पिल्लं घेत नाही.

आणि बँकेचा माणूस कधीतरी येईलच, शीतगृहात तारण ठेवलेला साठा मोजायला. घाबरू नका. त्याला जाड कोट द्या, गरम चहा द्या, हवं ते खोकं उघडायला सांगा. फक्त वजन आतच करू द्या. बाहेर आणून काटा शोधेपर्यंत वेळ जातो, आणि तेवढ्यात फरशीवर तारण वाहायला लागतं.