बाप्तिस्म्यावरून भांडावं कसं

रविवारची उपासना सुटली, की फाटकाशी गाडीची किल्ली काढता काढता वादाला तोंड फोडावं. विषय बाप्तिस्म्याचाच, म्हणजे मंडळीत घेतानाच्या पाण्याच्या विधीचाच घ्यावा: तान्ह्या बाळावर शिंपडायचं, की कळत्या माणसाला बुडवायचं. दशांश (कमाईचा दहावा वाटा देवाला देणं), अन्य भाषा (प्रार्थनेत अनोळखी भाषेत बोलणं) हेही चालतात, पण तेवढी मजा नाही. वेळ वैशाखातली बाराची असावी आणि सावलीची बाजू आपण धरावी.

समोरच्याला त्याचं म्हणणं अजिबात विचारू नये. विचारलं की तो सांगतो, आणि त्यातलं निम्मं पटण्यासारखं निघतं. मग घरी जाऊन काय तोंड दाखवणार?

वचनं आधीच निवडून ठेवावीत. बुडवणाऱ्यांनी योहान 3:23 धरावं. योहान बाप्तिस्मा देत होता त्या एनोनला पाणी पुष्कळ होतं. शिंपडणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये 16:33 काढावं. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या अख्ख्या घराचा बाप्तिस्मा रातोरात झाला. त्या घरात तान्हं मूल होतं की नाही, हे वचन सांगत नाही. म्हणून तर ते इतकी वर्षं पुरलंय. 'बाप्टिझो' म्हणजे बुडवणे, एवढं ग्रीक पुरे. लूक 11:38 मध्ये जेवणाआधीच्या धुण्याला हाच शब्द आहे, पण समोरच्याला ठाऊक नसेल तर आपण कशाला सांगा?

शिंपडणाऱ्यांकडे एक खास सोलापुरी हत्यार आहे: पाण्याचा हिशेब. सहा बाय चार फुटांचं कुंड तीन फूट भरायचं तर 72 घनफूट, म्हणजे 2,000 लिटरच्या वर पाणी. इथे नळ काही दिवसांआड येतो; घागरी मांडून बसलेल्या गावात हा आकडा कसा लागतो बघा. बुडवणाऱ्यांनी तेव्हा श्रद्धा कमी पडते म्हणावं, टँकरचं बोलू नये. 'डिडाखे' हे जुनं ख्रिस्ती पुस्तक मात्र कुणाच्या हाती लागू देऊ नका. त्यात वाहतं पाणी उत्तम, नसेल तर दुसरं, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता, असं सरळ लिहिलंय. वादच संपतो की!

तसाच धोका 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'चा. 1970 साली नागपुरात वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्यांचं ऐक्य होऊन ते चर्च झालं तेव्हा बालकांचा आणि विश्वासणाऱ्यांचा असे दोन्ही बाप्तिस्मे तिथे मान्य झाले. कुणी ही आठवण काढलीच तर चहा मागवावा. त्यापेक्षा जर्मनीतल्या मारबुर्गची 1529 ची चर्चा डोळ्यांपुढे ठेवावी. ल्यूथर आणि झ्विंगली या दोन धर्मसुधारकांचं 15 पैकी 14 कलमांवर जुळलं आणि उरलेल्या एका कलमातल्या प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) मुद्द्यावर दोघं दुरावले. ल्यूथरनं तर 'हे माझे शरीर आहे' हे भाकरीविषयीचे येशूचे शब्द मेजावर खडूनं लिहूनच ठेवले होते. तयारी म्हणतात ती ही.

मत्तय 18 मध्ये भावाला आधी एकट्याला गाठा, मग एकदोघे साक्षीदार न्या, शेवटी मंडळीला सांगा, असा क्रम आहे. तो उलटा लावावा. आधी अख्ख्या मंडळीला, मग दोघांतिघांना. त्याला स्वतःला कुणीतरी सांगतंच.

त्याच्या घरी मयत झाली तर जावं लागतंच. दफनभूमीत मूठ मूठ माती टाकताना रोम 6:4 आठवेल: बाप्तिस्म्यानं ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं. मूठभर माती भुरभुरली तर त्याला पुरणं म्हणतात का, हा बुडवणाऱ्यांचा हुकमी मुद्दा. तिथेच काढावा. साक्षीदार उभेच असतात.