कपाटाची किल्ली मागा, मग पुस्तक मागा

"वाचायचं तर आहे, पण काय वाचावं तेच समजत नाही." गावाकडचे वाचक हे फार बोलतात, आणि त्यात खोटं काही नाही. तालुक्याच्या पुस्तकाच्या दुकानात गाईड, स्पर्धा परीक्षेचे संच आणि यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकं मांडलेली असतात. मोबाईलवर जी यादी फिरते, तिच्यात तीच ती दहा नावं. मग कादंबरी वाचणारा कादंबऱ्याच वाचत राहतो, चरित्र वाचणारा चरित्रंच, आणि वर्षभरात दोघांनाही सगळी पुस्तकं एकसारखी वाटायला लागतात.

याच्यावर एक साधी रीत आहे. लेखक धरू नका, विषय धरा. त्या विषयावर दोन पुस्तकं जोडीनं आणा, एक कथा-कादंबरीचं आणि एक माहितीचं.

कापूस घ्या. आपल्या वावरातला, रोजचा विषय. सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार) कोरडवाहू शेतीत राबणाऱ्या घराची कादंबरी आहे. तिच्याजोडीला जिल्ह्याचं गॅझेटियर (जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ) किंवा वऱ्हाडच्या इतिहासाचं पुस्तक ठेवा. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि त्यांची नजर इकडे वळली. १८७० मध्ये खामगावपर्यंत आगगाडी आली, ती कापसासाठीच. आपल्या पऱ्हाटीचा भाव दूरच्या बाजारात ठरायला लागला तो काळ हा. चुलीपुढे बसून घरातली माणसं त्या भावाबद्दल काय बोलतात, हे मात्र गॅझेटियरमध्ये सापडत नाही. त्यासाठी कादंबरीच लागते. दोन्ही एकाच महिन्यात वाचा, एकातलं वाचताना दुसऱ्यातलं आठवत राहतं.

जंगलाचंही तसंच. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, नवेगावबांधच्या रानात राहून त्यांनी लिहिलं. त्यांच्या लेखांजोडीला रानातल्या माणसांच्या कथा घ्या. आणि उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) ही कादंबरी अजून वाचली नसेल, तर ती आधी वाचा. तिच्यातले वऱ्हाडी संवाद पुण्या-मुंबईच्या वाचकाला अडखळत वाचावे लागतात. आपल्या कानाला ते घरचेच आहेत. हा फायदा सोडू नका.

आता पुस्तकं मिळवायची कुठून? पहिली जागा गावचं किंवा तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत आहेत. दारावरच्या पाटीवर वर्ग बहुतेक लिहिलेला असतो. अनेक ठिकाणी आता अभ्यासिकाच भरलेली दिसते, पोरं परीक्षेचं वाचत बसतात आणि कथा-कादंबऱ्यांची कपाटं कुलपात. अभ्यासिका हवीच, पण कपाटाची किल्लीही मागितली पाहिजे. मागणारा नसला की कपाट उघडत नाही, आणि कपाट उघडत नाही म्हणून मागणारा येत नाही.

कपाट उघडलं तरी फक्त काचेतून दिसणाऱ्या पुस्तकांवर जाऊ नका. ग्रंथपालांना दाखल नोंदवही दाखवायची विनंती करा. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक तिच्यात ओळीनं असतं: दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, किंमत. तासभर बसून वीस-पंचवीस नावं वहीत उतरवा. मागच्या रांगेत दबलेली, कुणी न मागितलेली पुस्तकं इथंच सापडतात.

पुस्तकाच्या पाठीवर विषयाचे आकडे चिकटवलेले असतील तर ते समजून घ्या. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, त्यातलं ८९१.४६३ म्हणजे कथा-कादंबरी. ६३० शेती, ५०० विज्ञान, ९१० प्रवास आणि भूगोल, ९२० चरित्र. प्रत्येक खेपेला एक पुस्तक ८९१ मधलं आणि एक बाहेरचं, एवढा नेम केला तरी वाचन आपोआप मिसळतं. त्या बाहेरच्या पुस्तकाचा शंभराचा गठ्ठा दर वेळी बदला, म्हणजे एकदा ५०० मधलं, एकदा ६०० मधलं, एकदा ९०० मधलं.

शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठीही बघा. शिक्के दाटीनं असतील तर गावानं ते पुस्तक वाचलंय. एकच शिक्का, तोही पंधरा वर्षांपूर्वीचा, म्हणजे पुस्तक वाईट असं समजू नका. खूपदा ते चुकीच्या कपाटात पडलेलं असतं, एवढंच.

घरी न्यायच्या आधी पानं तपासा. पुस्तक फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांत छापलं जातं, बहुतेक १६ पानांचा एक फर्मा. बांधणीत एखादा फर्मा गळला तर पान ४८ नंतर थेट ६५ येतं, उलटा लागला तर पुढचं आधी. म्हणून ३२, ४८, ६४ अशा जागी पानांचे आकडे सलग आहेत का, ते पाहा. रहस्यकथेचा नेमका शेवटचा फर्मा गेलेला असला तर सगळं वाचन पाण्यात. कसर लागलेली, पानांतून भुकटी गळणारी प्रत घरच्या चांगल्या पुस्तकांत ठेवू नका. पावसाळ्यात दमट वास आला तर सावलीत, वाऱ्यावर पानं उघडी ठेवा. कडक उन्हात कागद पिवळा पडून ठिसूळ होतो.

माहितीच्या पुस्तकात तीन गोष्टी तपासायच्या: पहिल्या आवृत्तीचं वर्ष, संदर्भांची यादी, आणि लेखकाचा त्या विषयाशी संबंध. कायदा, औषधं, फवारणी यांवरचं वीस वर्षं जुनं पुस्तक नुकसानही करू शकतं. इतिहास किंवा पक्ष्यांवरचं जुनं पुस्तक मात्र बिनधास्त घ्या. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव शोधा. ते नसेल तर परत ठेवा. 'संक्षिप्त' हा शब्द बारीक अक्षरात असतो, तोही पाहा. दुसऱ्या भारतीय भाषांतल्या कादंबऱ्या स्वस्तात हव्या असतील तर नॅशनल बुक ट्रस्टची 'आदान-प्रदान' मालिका आणि साहित्य अकादमीचे अनुवाद मागा. कन्नड, बंगाली, ओडिया गावं वाचताना आपलं गाव निराळं दिसायला लागतं.

दिवाळी अंकांना कमी लेखू नका. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकापासून ही चाल सुरू झाली. वाचनालयात जुने अंक गठ्ठ्यानं पडून असतात. एका अंकात कथा, लेख, मुलाखती, कविता सगळं. जो लेख आवडेल त्याच्या लेखकाचं नाव वहीत. नवा लेखक चाखून बघायचा याहून स्वस्त मार्ग नाही.

मोबाईलवर वाचायचं तर मराठी विश्वकोश मोफत आहे, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकं उतरवून घेता येतात, आणि स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं विकिस्रोतावर मिळतात. हा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं असतो. स्कॅन केलेली फाईल जड असते, वायफाय मिळेल तिथंच उतरवा आणि वाचताना फोन आडवा धरा. जिवंत लेखकांच्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफ ग्रुपवर फिरतात, त्या मात्र उघडू नका आणि पुढे तर पाठवूच नका. आधीच थोड्या प्रती खपणाऱ्या लेखकाच्या पोटावर तो पाय आहे.

हंगामही बघून पुस्तक निवडा. निंदण-डवरणीच्या दिवसांत आणि कापूस वेचणीच्या धावपळीत कथासंग्रह, ललित लेख, एका बैठकीत संपेल असं. एप्रिल-मेच्या दुपारी, घराबाहेर पाय टाकवत नाही तेव्हा, पाचशे पानांची कादंबरी किंवा इतिहास. जाड पुस्तक आषाढात हाती घेतलं की साठाव्या पानावर खूण राहते आणि पोळ्यापर्यंत माणसांची नावं विसरलेली असतात.

पन्नास पानं वाचूनही मन लागलं नाही तर खुशाल परत करा. फक्त वहीत एक ओळ लिहा: का सोडलं. भाषा जड, विषय ओळखीचा नाही, की अनुवाद वाईट. अशा दहा ओळी झाल्या की आपल्याला काय मानवतं ते आपल्याच अक्षरात दिसतं.

आणि हवं ते पुस्तक वाचनालयात नसेल तर मागणीची वही मागा. नसेल तर सुरू करायला सांगा. शीर्षक, लेखक, प्रकाशक, किंमत पूर्ण लिहा, कारण अर्धवट नाव खरेदीच्या यादीत गळून पडतं. एकट्यानं लिहिण्यापेक्षा तीन सभासदांनी एकाच पुस्तकाचं नाव आपापल्या सहीनं लिहावं. पुस्तक येईपर्यंत जिल्हा ग्रंथालयात चौकशी करा आणि जिल्ह्याचा ग्रंथोत्सव कधी भरतो ते विचारून ठेवा. तिथं प्रकाशक सवलत देतात, आणि विकत घ्यायच्या आधी पुस्तक हातात घेऊन फर्मे मोजता येतात.