हवा वाळवायचं मशीन आणि आबांचा हिशोब

जळगावात राहून 'घरात फार ओल आहे हो' असं कोणाला तरी म्हणून बघा एकदा. समोरचा आधी हसतो आणि मग तब्येतीची चौकशी करतो. आपली ख्याती उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की पुण्यामुंबईचे नातेवाईक फोन करून काळजी करतात, टीव्हीवाले भुसावळच्या रस्त्यावर उभे राहून घाम पुसतात, सगळ्या राज्याला आमची दया येते. पण जुलै-ऑगस्टमध्ये आमचं काय होतं ते विचारायला कुत्रं येत नाही. पाऊस म्हणाल तर वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, कोकणातला माणूस त्याला पाऊससुद्धा म्हणणार नाही, पण तेवढ्यात माझ्या मागच्या खोलीची भिंत पोपडे टाकते, कपाटातल्या लग्नाच्या सुटावर पांढरी बुरशी चढते आणि उन्हाळाभर गच्चीवर वाळवलेले बिबडे (आमचे ज्वारीचे पापड) सादळून असे वातड होतात की तळले तरी चावताना जबडा दुखतो. यंदा बिबड्यांचा आख्खा डबा गेला. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं मशीन, घ्यायचा हे त्यातूनच ठरलं.

आता मी असा माणूस की चप्पल घ्यायची तरी आधी चार लेख वाचणार. वाचले. कळलं ते असं की घरगुती डिह्युमिडिफायर मुख्यतः दोन जातीचे. एक कॉम्प्रेसरवाला, तो म्हणजे एसीच, फक्त एसीचं गार तोंड खोलीत आणि गरम पाठ बाहेर असते, इथे दोन्ही एकाच डब्यात कोंबलेलं. पंखा दमट हवा आत ओढतो, ती गार कॉइलवरून जाते, पाणी थेंब थेंब खाली टाकीत पडतं आणि मग तीच हवा गरम कॉइलवरून जाऊन कोरडी होऊन बाहेर. दुसरा डेसिकंटवाला. त्यात कॉम्प्रेसर नाही, एक चाक असतं, हळूहळू फिरतं, चाकात झिओलाइट किंवा सिलिका जेल (नव्या बुटांच्या खोक्यात 'खाऊ नका' लिहिलेली पुडी असते, तीच) आणि ते हवेतलं पाणी धरून ठेवतं. मग ते सोडवायला चाकाचा एक भाग हीटरने तापवायचा.

हीटर. खान्देशात. पैसे देऊन.

पण लेख लिहिणारे सगळे थंड देशातले, त्यांना हे डेसिकंटचं फार कौतुक. वजनाला हलकं, कॉम्प्रेसर नसल्यामुळे आवाज कमी, आणि पाच डिग्रीतसुद्धा काम करतं, जिथे कॉम्प्रेसरवाल्याच्या कॉइलवर बर्फ जमतो आणि तो वितळेपर्यंत बिचारा थांबून राहतो. तळघरासाठी उत्तम, गॅरेजसाठी उत्तम, हिवाळ्यात बंद करून ठेवलेल्या बोटीसाठी तर सर्वोत्तम. बोट! जळगावात बोट घेऊन मी ती ठेवू कुठे, मेहरूण तलावात? आमच्याकडे जानेवारीत पारा ८-१० वर येतो खरा, पण तेव्हा हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, त्या हवेतून काढायचं काय? आणि हे चाकवालं मशीन बाहेर सोडतं ती हवा खोलीपेक्षा दहा-पंधरा डिग्री गरम. त्यांना तो फायदा वाटतो, खोली उबदार होते म्हणे.

तसं कॉम्प्रेसरवाला पण खोली तापवतोच, त्यात सुटका नाही. हवेतल्या वाफेचं एक लिटर पाणी केलं की पाऊण युनिटाला जरा कमी इतकी उष्णता नुसत्या पाण्यातूनच बाहेर पडते, वर मशीन जेवढी वीज खातं ती सगळी शेवटी खोलीतच उष्णता होऊन राहते. फरक एवढाच की घरगुती कॉम्प्रेसरवाला २००-३०० वॉटमध्ये भागवतो आणि डेसिकंटवाल्याला त्याच कामाला दुप्पट, कधी त्याहून जास्त लागतात. तेव्हा ऑगस्टमध्ये ३० डिग्रीच्या खोलीत कॉम्प्रेसरवालाच घ्यायचा हे शेंबडं पोरही सांगेल. माझा प्रश्न फक्त आवाजाचा होता कारण मागच्या खोलीला लागून आईची खोली आहे आणि तिची झोप म्हणजे, असो. तो आवाज कानाने ऐकायला दुकानात गेलो. इथपर्यंत माझं काहीही चुकलेलं नाही हे लक्षात ठेवा.

दुकानदार म्हणाला, "कूलर दाखवू का साहेब, ऑफ सीझन आहे, चांगला रेट लावून देतो."

मी म्हटलं, कूलर हवेत पाणी घालतो, मला काढायचंय. त्याने मान हलवली आणि आत हाक मारली, "अरे, हे साहेब हवा वाळवायचं मशीन मागताहेत, ते कोपऱ्यातलं काढ." दुकानात सात-आठ माणसं होती, सगळी वळली. पोऱ्या खोक्यावरची धूळ झटकत म्हणाला, "शेठ, कूलरचा पंखा उलटा फिरवला तर हेच होईल ना?" आणि शेठ त्यावर हसला नाही, विचारात पडला, ते मला जास्त लागलं.

आणि मग आबा.

बाकावर एक आबा बसले होते, चोपड्याकडचे, पांढरा सदरा, टोपी, मांडीवर पिशवीत कूलरची जळालेली मोटर. वॉरंटीवरून त्यांचं सकाळपासून भांडण चालू होतं आणि त्या भांडणात मध्यंतर झालं होतं. मशीन बाहेर आलं तसे ते मोटर बगलेत मारून उठले आणि मशीनला एक फेरी घातली.

"हाई काय शे भाऊ?"

मी सांगितलं. हवेतलं पाणी ओढून घेतं, खाली टाकीत जमा करतं.

"हवामाईन पानी काढस?" आबांचे डोळे चमकले. एवढा आदर मला बऱ्याच दिवसांत कोणी दिला नव्हता, त्यामुळे मी जरा वाहवत गेलो, कॉइल, गारवा, थंड तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ते, सगळं समजावून सांगितलं. आबा हं हं करत होते. मग म्हणाले, "कितलं?"

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, दिवसाला १२ लिटर. पोऱ्याने वाचून दाखवलं. मी मध्ये पडलो, म्हटलं आबा, तो आकडा ३० डिग्री आणि ८० टक्के आर्द्रतेचा आहे, गाडीचं मायलेज कंपनी सांगते तसलं, घरात त्याच्या निम्मं मिळालं तरी खूप. दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं की जणू त्याच्या तराजूला मीच खाली बोट लावलंय.

आबा बाकावर परत बसले. मोटर बाजूला ठेवली. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरायला लागला, म्हणजे हिशोब सुरू झाला. दिवसभर चालवायचं का? हो. वीज किती? २५० वॉट धरा, २४ तास, म्हणजे दिवसाला ६ युनिट. किंमत? १८ हजार. पेरं संपली, दुसरा हात सुरू झाला. सगळं दुकान गप्प. एक बाई मिक्सर घ्यायला आलेल्या, त्या पण मिक्सरचं भांडं हातात धरून थांबल्या.

"मन्ही केळी शे," आबा म्हणाले. "एका झाडले उन्हाळामा रोज पंधरा-वीस लिटर पानी लागस."

मला कुठे चाललंय ते कळलं होतं पण थांबवता आलं नाही.

"मंग अठरा हजारनं मशीन, सहा युनिट रोजना, आनि एक केळ बी पुरी भिजत नही."

मी म्हटलं आबा, हे केळीसाठी नाहीये. घरासाठी आहे. भिंतीला ओल येते म्हणून. आणि उन्हाळ्यात तर हे चालणारच नाही, मे महिन्यात आपल्याकडच्या हवेत पाणी असतं कुठे, शिवाय ३५ डिग्रीच्या वर चालवू नका असं त्याच्या पुस्तकातच लिहिलंय. हे पावसाळ्याचंच मशीन आहे.

इथे थांबायला हवं होतं सगळ्यांनी. पण आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली आणि अगदी प्रामाणिकपणे, चेष्टेचा लवलेश नाही चेहऱ्यावर, मला विचारलं,

"म्हंजे पानी पडस तव्हयच हाई पानी देस?"

दुकान कोसळलं. मिक्सरवाल्या बाईंनी भांडं काउंटरवर ठेवून पदर तोंडाला लावला. पोऱ्या खोक्यामागे खाली बसला. दुकानदाराला वॉरंटीचं भांडण विसरून आबांना चहा मागवावासा वाटला, आणि मागवला पण, मला विचारलं नाही. १८ हजाराचं गिऱ्हाईक मी.

एवढ्यात इन्व्हर्टरची बॅटरी घ्यायला आलेला एक तरुण पुढे झाला, त्याला विनोदात रस नव्हता, त्याला धंदा दिसला होता. हे पाणी म्हणजे डिस्टिल्डच ना, बॅटरीत चालेल का? दुकानदार म्हणाला, का नाही, एकदम शुद्ध. मी म्हटलं, अजिबात नाही, वाफेचं पाणी असलं तरी कॉइलवरची धूळ, बुरशी आणि धातूचा अंश घेऊनच ते टाकीत येतं, कुंडीला घाला हवं तर, बॅटरीत नको आणि पिऊ तर नकाच. तर दुकानदार मला म्हणतो, "साहेब, तुम्ही गिऱ्हाईक आहात का इन्स्पेक्टर?"

गंमत म्हणून सांगतोय पण खरं सांगायचं तर संताप येतो. उन्हाचं दुःख सांगितलं की आपल्याकडे लगेच माठातलं पाणी मिळतं, ओलीचं सांगितलं की तुम्ही नाजूक. घरोघरी मिठाच्या बरणीत तांदूळ टाकलेला, गव्हात कडुनिंबाचा पाला, कपाटात डांबरगोळ्या, प्रत्येक घरात हे युद्ध चालू आहे पण उघडपणे ओल कबूल करायची कोणाची तयारी नाही. शेजारच्या काकूंनी तर मला चुनकळीचे खडे वाटीत घालून कपाटात ठेवायला सांगितले, आणि तो उपाय अडाणी नाही बरं का, चुनकळी ओल ओढतेच, पण एका वाटीच्या जोरावर आख्खी खोली कशी वाळणार? ऑनलाइन दोन-अडीच हजाराची एक छोटी गोंडस मशिनं मिळतात, निळा दिवा लागतो त्यात, तो प्रकार तर वेगळाच, पेल्टियरचा, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी विजेने एका बाजूने गार होणारी चकती, दिवसभरात कपभर पाणी काढतो आणि त्याच्या जाहिरातीत बाई सोफ्यावर बसून हसत असते. आमच्या मेव्हण्यांनी घेतलाय. ते पण हसतात, पण बाईसारखं नाही.

मशीन घेतलं. आवाज ऐकायचा राहूनच गेला कारण दुकानात कोणी गप्प बसेना. घरी लावलं तर फ्रिजपेक्षा मोठा आणि मिक्सरपेक्षा लहान असा काहीतरी आवाज आहे, आई म्हणते पाऊस पडल्यासारखं वाटतं, झोप छान लागते. दारं-खिडक्या बंद ठेवायला लागतात, नाहीतर ते सगळ्या जळगावची हवा वाळवत बसतं, हे घरात पटवून देताना नाकी नऊ आले. आर्द्रतेचा मीटर ८४ टक्क्यांवरून ५८ वर उतरला, ६० च्या खाली राहिलं की बुरशीला वाढायला अवघड जातं, सूट वाचला. वीजबिल अजून यायचंय, १०० युनिटच्या पुढे दराची पायरी कशी चढते ते महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको, त्यामुळे तो विषय मी काढत नाही आणि कोणी काढला तर टाकी रिकामी करायला उठतो.

पण भिंत ओली ती ओलीच. कारण ती ओल हवेतली नाहीच, जमिनीतून वर चढतेय, आणि जमिनीतून चढणारं पाणी रोखायला जोत्यावर जो थर टाकतात तो, आता लक्षात येतंय, आमच्या कॉन्ट्रॅक्टरने कागदावर टाकला होता. कॉम्प्रेसर आणा, डेसिकंट आणा, दोन्ही आणा, खोलीतली हवा कोरडी होईल पण भिंत खालून पाणी पीत राहणार. त्याला फोन केला. आधी उचलला नाही, मग उचलला. मी शांतपणे विचारलं की बाबा रे, जोत्याला वॉटरप्रूफिंगचे पैसे घेतले होतेस. तर तो हसला आणि म्हणाला, "साहेब, खान्देशात कुठे पाऊस आहे?" हे मी छत्री धरून बोलत होतो.

त्यावर त्याच्याकडे उपाय पण तयार आहे. मागच्या भिंतीला चार फुटांपर्यंत टाइल्स मारून टाकू, ओल दिसणारच नाही. मी म्हटलं, मग ती टाइल्सच्या वर पाचव्या फुटाला दिसेल. तर म्हणतो, तेव्हाचं तेव्हा बघू, मार्बल प्रिंटमध्ये घ्यायच्या की लाकडाच्या डिझाइनमध्ये ते सांगा. आज संध्याकाळी सॅम्पल घेऊन येतोय आणि बायकोने त्याला चहाला थांब म्हणून सांगितलंय.