बाप्या माणसाला दिवस गेले म्हणे!

आज भिशीत जे झालं ते डोक्यातून जाईना, म्हणून भांडी तशीच टाकून लिहायला बसले आहे. लांबणार आहे, आधीच सांगते. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाईक ठोकून पुढं जावं.

राजारामपुरीत एका मैत्रिणीकडं भिशी होती. भजी झाली, चहा झाला, चिठ्ठी निघाली. तिच्या लेकीचा टॅब तिथंच चार्जिंगला होता, त्यावर इंग्रजी कादंबरी उघडी. एकीनं तो उचलला, चष्मा वर केला, दोन ओळी वाचल्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आगं बघा की हे! बाप्या माणसाला दिवस गेल्यात म्हणे! मी तर चक्रावलोच!" मग काय, टॅब या हातातून त्या हातात, आणि हसून हसून बायकांच्या डोळ्यांतनं पाणी. पोरगी आतल्या खोलीत होती. नोकरी करणारी, स्वतःच्या पगारातून पुस्तकं घेणारी पोरगी. बाहेर आली, टॅब घेतला, एक शब्द न बोलता परत आत गेली. आईनं "आजकालची पोरं बाई" म्हणून विषय बदलला.

मला हसू आलं नाही, कारण ती कादंबरी मी वाचली आहे. भाचीनं दिली होती. आता करा काय करायचं ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या प्रकाराला ओमेगाव्हर्स म्हणतात. साधारण २०१० च्या सुमारास एका अमेरिकन मालिकेच्या चाहत्यांनी नेटवर हौसेनं लिहायला सुरुवात केली. मग जपानी मांगा, थायलंडच्या मालिका करत करत आता कादंबऱ्यांचा बाजारच भरलाय. त्या जगात बाई-पुरुषांबरोबर माणसांचे आणखी तीन प्रकार असतात. अल्फा म्हणजे दांडगे, बीटा म्हणजे तुमच्याआमच्यासारखे, आणि ओमेगा. ओमेगा पुरुष असला तरी त्याला मूल होऊ शकतं. त्याला ठरावीक काळानं 'हीट' येते, म्हणजे जनावरांसारखा माज, ती थोपवायच्या गोळ्या असतात. माणसं वासावरून एकमेकांना ओळखतात आणि मानेला चावा घेतला की जोडी कायमची बांधली जाते. विचित्र आहे? आहेच. पण खिरीतून राजपुत्र जन्मणाऱ्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपण, फार विचित्र वाटून घेऊ नये.

या कादंबरीत अल्फा ४१ चा आहे, विधुर, सुतारकाम करणारा. ओमेगा २३ चा, कॉलेज करून रात्री हॉटेलात भांडी घासणारा. मधे अठरा वर्षांचं अंतर. आणि भिशीत सगळ्यात मोठा हशा त्याच्यावर झाला. "बापाच्या वयाचा की गं!"

इथं माझी सटकली.

आमच्या काकूचं लग्न झालं तेव्हा ती १९ ची आणि काका ३६ चे. कुणाची भुवई वर गेली नाही. सरकारी नोकरी, मंगळवार पेठेत स्वतःचं घर, पत्रिका जुळली, उडवा बार. काकूला वाचायचा भारी नाद. करवीर नगर वाचन मंदिराचं सभासदत्व मात्र काकांच्या नावावर. १८५० सालापासूनचं ते वाचनालय, पुस्तकांना तोटा नाही, पण बदलून आणायचे काका आणि काय आणायचं ते ठरवायचेही काकाच. एकदा काकूनं शेजारणीकडून ऐकलेल्या एका कादंबरीचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. काकांनी चिठ्ठी वाचली, बारीक घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "हे तुझ्या वयाला नको." काकूचा थोरला तेव्हा दहावीत होता. मी सोप्यात शेंगा फोडत बसले होते. काकू काही बोलली नाही, माझ्यापुढचं सूप ओढून घेतलं आणि शेंगा फोडायला लागली.

तेव्हा अंतराचं कौतुक मला सांगू नका. आज हसणाऱ्यांतल्या निम्म्या जणींचे नवरे त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे आहेत. पुरुष-पुरुष आले की तेवढं बाप आठवतो होय?

बरं, हा विषय आपल्याला नवा आहे का? देवलांनी 'संगीत शारदा' १८९९ साली आणलं. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात कोवळी पोर बांधायला निघालेल्या बापावर आख्खं नाटक. आणि ती शारदा करायचं कोण, तर पुरुष. आपले कोल्हापूरचे केशवराव भोसले पोरवयात शारदा करायचे. पुढं १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं तेव्हा केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करतायत आणि सभ्य घरातली माणसं तिकिटासाठी जीव टाकतायत! त्याच केशवरावांच्या नावाचं नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळलं तेव्हा आपण सगळे रस्त्यावर उभं राहून रडलो. तेव्हा संस्कृती बुडाली नव्हती, मग एका पोरीच्या टॅबवर कशी बुडाली?

आता 'ते नाटक होतं' असं कुणीतरी म्हणणार. हो, नाटक होतं. ही कादंबरी आहे.

आणि ते अल्फा प्रकरण. आमच्या गल्लीतली जिमला जाणारी पोरं रील टाकतात, 'अल्फा मेल', मागं सिंहाची डरकाळी. मुळात ते सिंहाचं नाही, लांडग्याचं. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या प्राणी-अभ्यासकानं पिंजऱ्यातल्या लांडग्यांची भांडणं बघून वरचढ-दुबळा अशी उतरंड मांडली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं ती घराघरांत नेली. आणि १९९९ मध्ये याच मेकनी लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आई, बाप आणि त्यांची पोरं. झालं, अल्फा संपला! पण आमची पोरं काही ऐकत नाहीत. कादंबऱ्या लिहिणाऱ्या निदान कबूल तरी करतात की आम्ही काल्पनिक लिहितोय.

बायका हे का वाचतात, याचं माझं उत्तर सरळ आहे. त्या ओमेगाला सकाळी सहाला उलट्या होतात, हॉटेलचा मालक रजा देत नाही, शेजारपाजारचे पोटाकडं बघून बोलतात, डॉक्टर त्याच्याशी न बोलता अल्फाशी बोलतो. हे सगळं बाईच्या वाट्याला आलं की आपल्याला दिसतच नाही, अंगवळणी पडलंय. पुरुषाच्या वाट्याला आलं की पान उलटता उलटता हात थांबतो. डॉक्टरचा प्रसंग वाचताना मला माझं पहिलं बाळंतपण आठवलं. तेव्हाही सगळं नवऱ्यालाच सांगितलं होतं, टाके मात्र मला पडले होते.

त्यात अश्लील आहे का? आहे. पानंच्या पानं आहे, बारक्या पोरांच्या हाती देऊ नये, मान्य. खऱ्या गे मुलांचं जगणं यात नसतं, असं माझ्या एका मित्रानं मला सुनावलं, तेही बरोबर. समलिंगी संबंध गुन्हा नाही असा कलम ३७७ चा निकाल सप्टेंबर २०१८ मध्ये लागला, लग्नाचा हक्क ऑक्टोबर २०२३ मध्ये कोर्टानं नाकारला आणि त्याच्या घरात अजून स्थळं येतायत. त्याला वास-बिस काही नकोय, भाड्यानं दोन खोल्या हव्यात.

मला स्वतःला कादंबरीत जे खटकलं ते वेगळंच आहे. पहिल्याच भेटीत अल्फाला ओमेगाचा वास येतो आणि कळतं, हाच तो, विधिलिखित! म्हणजे पुन्हा पत्रिकाच की. छत्तीस गुण जुळले, आता पोराला काय वाटतं ते विचारायची गरज नाही. आणि 'वासानं भान गेलं' म्हणून तो त्याचं मनगट धरतो, लेखिका त्याला माफ करून मोकळी होते. मी नाही करणार. भान गेलं, डोकं फिरलं, पिलो होतो, पुरुषाचं रक्त आहे. ऐकून ऐकून कान किटलेत.

पण मधे एक प्रसंग आहे. हीट यायच्या आधी, डोकं ठिकाणावर असताना, ओमेगा एका कागदावर लिहून ठेवतो: हे चालेल, हे चालणार नाही, मी नंतर कितीही गयावया केली तरी नाही. ४१ वर्षांचा तो बाप्या तो कागद फ्रिजवर लावतो. आणि वेळ येते तेव्हा, आतून पोरगा हाका मारत असताना, दाराबाहेर जमिनीवर बसून तो कागद पुन्हा पुन्हा वाचतो. घामानं शाई फुटते. दार उघडत नाही.

ते पान मी तीनदा वाचलं. काकांच्या शर्टाचा खिसा डोळ्यांसमोर आला.

खोटं कशाला बोलू, काका वाईट नव्हते. काकूला टायफॉईड झाला होता तेव्हा रात्र-रात्र उशाशी बसून त्यांनी तिला वाचून दाखवलंय. अर्थात स्वतः निवडलेलंच. ते गेल्यावर काकू अजून त्यांच्या चष्म्याची डबी पुसून ठेवते. आणि तरीही वर्षश्राद्ध झाल्यावर तिनं पहिली गोष्ट काय केली, तर स्वतःच्या नावानं सभासदत्व घेतलं आणि तीच कादंबरी आणली. चार दिवसांनी मला फोन. "काय रटाळ हाय गं ही! एवढ्यासाठी अडवलं व्हय मला?"

रटाळ आहे हे ठरवायलासुद्धा ती हातात पडावी लागते.

कमेंटमध्ये "नाव सांगा" म्हणून विचारू नका, मेसेज करा, सांगते. माझ्याकडून पाचातले तीन तारे. त्या दाराच्या प्रसंगासाठी चौथा देणार होते, पण शेवटी बाळ झाल्यावर लेखिकेनं त्या पोराचं कॉलेज सोडवलं आणि अल्फाचं दुकान मोठं केलं. मग नाही दिला.