मेव्हण्यांच्या गाडीचं मागचं चाक : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागाने लिहिलीय, पण त्या रागाला कारण आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी कोल्हापुरात राजारामपुरीत एका मित्राच्या शेडमध्ये जमतो आणि एकमेकांच्या मोटरसायकलींची किरकोळ कामं करतो, त्यावर मी मागे लिहिलं होतं. ते वाचून गडहिंग्लजच्या या दादांनी कळवलं, की त्यांच्या मेव्हण्यांच्या गाडीची चेन अशाच एका मित्राने टाईट करून दिली होती. दोन दिवसांनी संकेश्वर रस्त्यावर मागचं चाक जाम झालं, मेव्हणे पडले, मनगट मोडलं. गॅरेजमध्ये बघितलं तर ब्रेकचा टॉर्क रॉड, म्हणजे ब्रेकला जागेवर धरणारी पट्टी, एका टोकाला सुटून लोंबकळत होता. 'असली हौस लोकांच्या जिवावर बेतते, आणि वर गरीब मेस्त्रींच्या पोटावर पाय येतो,' असं त्यांचं म्हणणं.

मेव्हण्यांचं मनगट आता कसं आहे? प्लॅस्टर निघाल्यावर निदान महिनाभर तरी त्यांना क्लच दाबायला लावू नका.

आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो. चेनबद्दल मी एवढा मोठा परिच्छेद लिहिला, पण त्यात टॉर्क रॉडचं नावसुद्धा घेतलं नाही. माझा लेख वाचून कुणी गाडीखाली बसला असता तर त्याच्याकडूनही हीच चूक झाली असती. लेखात आज भर घातली आहे, इथेही सांगतो.

मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत ब्रेक दाबला की ब्रेकचे शू चाकातल्या ड्रमला घासतात आणि ते ज्यावर बसवलेले असतात ती अख्खी ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरायला बघते. तिला जागेवर धरून ठेवते ती एक लोखंडी पट्टी. तिचं एक टोक प्लेटला, दुसरं स्विंग आर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला. हाच टॉर्क रॉड. तो सुटला तरी गाडी नेहमीसारखी चालते, हलका ब्रेकही लागतो, म्हणून दोन दिवस कुणाला काही कळत नाही. मग एखादं कुत्रं आडवं येतं, ब्रेक जोरात दाबला जातो, प्लेट गर्रकन फिरते, पेडलपासून येणारा ब्रेकचा रॉड सोबत ओढला जातो आणि चाक जिथल्या तिथे अडकतं. म्हणून तर बऱ्याच गाड्यांत तिथल्या नटाला कॉटर पिन असते, नट सुटू नये म्हणून टोकं वाकवून बसवलेली. तुमच्या मेव्हण्यांच्या गाडीत ती पिन एक तर घातलीच नसावी, नाहीतर जुनी, दोनदा वाकवलेली पिन परत घातली असावी आणि ती तुटली असावी.

दुसरी गोष्ट. चेन टाईट करायची म्हणजे चाक मागे ओढायचं. चाक मागे गेलं की ब्रेकचा रॉडही ताणला जातो, पेडलचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, संपतो आणि पाय न लावताच शू ड्रमला चिकटून राहतात. त्यामुळे चेन झाली की ब्रेक परत सेट करावाच लागतो. चेनसुद्धा तारेसारखी ताणायची नसते. आमच्या शंभर सीसीच्या गाड्यांना मधोमध बोटाने वर-खाली केल्यावर २० ते ३० मिलिमीटरची हालचाल राहिली पाहिजे. दोन माणसं बसली की चेन आणखी ताणते, आणि ढील नसेल तर सगळा जोर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

आमच्याकडे एक रीत आहे, तीही लेखात राहून गेली. ज्याने नट कसले त्याच्या तपासणीवर गाडी बाहेर काढत नाही. दुसरा माणूस येतो, प्रत्येक नटाला पाना लावून बघतो, कॉटर पिना बोटाने चाचपतो. पिन दरवेळी नवीन. मग मालकाने गल्लीत हळू चालवून तीन-चार वेळा ब्रेक दाबून बघायचा, आणि परत येऊन ड्रमला हात लावून बघायचा. गरम लागला तर ब्रेक चिकटतोय. डिस्क ब्रेकचं ऑइल, एबीएस, शॉकअप आणि इंजिन उघडायचं कुठलंही काम आम्ही करत नाही. वॉरंटीतल्या गाडीला हवा, चेन आणि धुणं एवढ्यापुरताच हात लावतो.

आता मेस्त्रींच्या पोटाचं. हे वाक्य मला जास्त लागलं, कारण आम्हाला हे सगळं शिकवलं तेच मुळी एका मेस्त्रीने.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. आमच्यातल्या तिघांच्या गाड्या शाहूपुरीच्या खालच्या अंगाला पार्किंगमध्ये राहिल्या, त्या चार दिवस हँडलपर्यंत बुडून होत्या. पाणी उतरल्यावर बघायला गेलो तर सीटवर, टाकीवर, मीटरच्या काचेवर बोटभर गाळ. सायलेन्सरमधून अजून पाणी ठिबकत होतं.

प्रत्येकाला एकच घाई, गाडी चालू होते का बघू. शेजारच्या पार्किंगमधल्या एका पोराने किक मारून बघितली, ती खाली जाईना. मग चौघांनी मिळून गाडी ढकलली आणि त्याने दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. खाडकन आवाज आला आणि मागचं चाक घासतच गेलं. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबलं जात नाही. वर जागा मिळाली नाही की सगळा जोर पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडवर येतो. पुढे त्या गाडीचं इंजिन पूर्ण उतरवावं लागलं, रॉड वाकला होता.

आम्ही मात्र आमच्या नेहमीच्या मेस्त्रीला आधी फोन केला होता. त्याच्या दारात तेव्हा गाड्यांची रांग. तो म्हणाला, "किक मारू नगासा. प्लग काढा, ऑइल सोडा, आनि गाडी तशीच उभी ठेवा. माझ्याकडं चाळीस गाड्या हाईत, तुमचा नंबर लागायला आठ दिस जातील. तवर एवढं तुमीच करा."

आम्ही केलं. प्लग काढून हळूच किक दाबली तर प्लगच्या भोकातून गढूळ पाण्याची चिळकांडी समोरच्या भिंतीवर उडाली. ऑइलचा नट खोलला तर दुधाच्या चहासारखं पांढरट ऑइल उतरलं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते टाकीच्या तळाशी बसतं आणि पेट्रोलचा कॉक उघडला की कार्बोरेटरमध्ये आधी तेच उतरतं, म्हणून टाकी पूर्ण ओतून वाळवली, कार्बोरेटरचा बाऊल सोडला. एअर फिल्टर फेकून दिला. स्वस्तातलं ऑइल भरायचं, प्लग काढलेलाच ठेवून किक फिरवायची, ऑइल सोडायचं, परत भरायचं. तिसऱ्यांदा ऑइलला ऑइलचा रंग आला. शाहूपुरीतल्या त्या पार्किंगमध्ये त्या आठवड्यात आम्ही अकरा गाड्यांचं एवढंच काम केलं. आठ दिवसांनी त्या मेस्त्रीकडे ढकलत नेल्या. त्याने बेअरिंग, ब्रेक शू, वायरिंग बघितलं, पैसे घेतले, आणि अकराच्या अकरा गाड्या त्याच्याच हाताने चालू झाल्या. त्याच्या पोटावर पाय आला असता तर त्याने आम्हाला हे फोनवर सांगितलं असतं का?

आज तो आमच्या रविवारी येत नाही, रविवार त्याचा सुट्टीचा. पण आम्ही कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, ही रेघ त्याने आखून दिलेली आहे. आमच्याकडे आलेली गाडी त्याच्याकडे जाते तेव्हा काय बिघडलंय ते मालकाला नीट सांगता येतं. 'काहीतरी आवाज येतोय' असं न म्हणता 'तिसऱ्या गिअरला, सोडताना, उजव्या बाजूने' असं तो सांगतो. मेस्त्रीचा अर्धा तास वाचतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाड्यांत तर बहुतेक पेट्रोल इंजेक्शन आलं, कार्बोरेटर गेला. त्यात सेन्सरचा बिघाड आहे की नुसता प्लग मेलाय, हे समजून घ्यायला जुन्या मेस्त्रींनासुद्धा चार मालकांचा अनुभव उपयोगी पडतो. आणि एखादं बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, कुठेच मिळेना तेव्हा उद्यमनगरात लेथवर तेवढं एक बुश कोण मारून देईल, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळतं. ही देवाणघेवाण तुटावी असं मला वाटत नाही, दादा.

राहता राहिला तो मेव्हण्यांचा मित्र. त्याच्याशी बोलणं टाकलंय असं तुम्ही लिहिलंय. त्याने चांगल्या मनाने केलं, एकट्याने केलं, आणि तपासायला दुसरं कुणी नव्हतं. त्याला घेऊन एखाद्या रविवारी या. सकाळी आठ ते अकरा आम्ही शेडमध्येच असतो. मेव्हण्यांची गाडीही आणा, पण चालवत आणू नका, टेम्पोत घाला. ब्रेक प्लेट फिरली तेव्हा टॉर्क रॉड जोडतात तो तिचा कान किंवा स्विंग आर्मवरचं बोल्टाचं भोक फाटलेलं असू शकतं. नवीन नट-पिन घालून ते दिसत नाही, चाक काढूनच बघावं लागतं. गॅरेजने ते बघितलंय का, एवढं मात्र त्यांना आजच विचारा.