खुलासा: नुसतं '५६ एपीओ' लिहून फराळ पोचत नाही

गेल्या आठवड्यात मीच लिहिलं होतं, 'सीमेवरच्या लष्करी डॉक्टर-नर्सिंग पथकांना दिवाळीचा फराळ पाठवा, खोक्यावर फक्त फील्ड हॉस्पिटल, ५६ एपीओ लिहा.' ते चुकीचं होतं.

५६ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, लष्कराचं टपाल कार्यालय) हे एक ठिकाण नाही. तुकडी नेमकी कुठे आहे ते उघड होऊ नये म्हणून कितीतरी तुकड्या हाच पत्ता वापरतात. पूर्वेकडच्यांचा ९९ एपीओ. लष्करी टपालसेवा तुकडीच्या नावावरून टपाल वेगळं करते. त्यामुळे ज्यांना पाठवायचं त्यांचा लष्करी क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी, सगळं हवं. माझा भाचा लष्करात नर्सिंग असिस्टंट आहे. माझी पोस्ट वाचून त्याचाच फोन आला, "मावशी, असं खोकं आलं तर पोस्टवाल्यांनी द्यायचं कुणाला?"

ओळखीचं कुणी तिथे असेल तर त्यांच्याकडूनच पूर्ण पत्ता घ्या आणि टपाल खात्यातून पाठवा. चिवडा, शंकरपाळे टिकतात, ओल्या नारळाच्या करंज्या नकोत (मी पाठवणारच होते!). मूळ पोस्ट मी काढली आहे. तुम्ही ती पुढे पाठवली असेल तर कृपया थांबवा, आणि जिथे पाठवली तिथे हे टाका.