जामीन राहिलो, गुन्हा केला का?

"मी एक रुपया उचललेला नाही आणि सिबिल माझं पडतं? हा कुठला न्याय?" बापू कट्ट्यावर टेकायच्या आतच सुरू झाला. पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघून ठेवलेला, बिल्डरला टोकन दिलेलं, आणि बँकेने होम लोनची फाइल परत पाठवली. कारण काय, तर सिबिल स्कोअर ६३८. आपण कर्जाचे हप्ते वेळेवर फेडतो का, याचा तो आकडा.

नानांना एवढंच हवं होतं. नाना सातपूरच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले. सिबिलचं नाव निघालं की त्यांचा चहा गार होतो. "आमच्या वेळी मॅनेजर माणूस बघून कर्ज द्यायचा. आता आकडा बघतात. आकड्याला काय घंटा कळतं?"

"माणूस बघून म्हणजे ओळख बघून, नाना," पिंट्या म्हणाला. तो सीएच्या ऑफिसात असतो. "ज्याची ओळख नव्हती त्याला कोण देत होतं? माझ्या आजोबांनी सोसायटीच्या चेअरमनच्या घरी किती खेटे घातले, ते आजीला विचारा. निदान हा आकडा जात विचारत नाही."

नानांकडे याला उत्तर नव्हतं, म्हणून ते वळले निफाडकडे. "बरं, मग द्राक्षवाल्याचं सांग. वर्षभर औषधं मारली, घड तयार झाले आणि ऐन तोडणीला गारपीट झाली. हप्ता चुकला. तो बुडवा झाला का? तुझ्या आकड्याला गारपीट कळते का?"

नाही कळत. इथे मी नानांच्या बाजूने आहे. हप्ता थकला एवढंच रिपोर्टात उतरतं, का थकला ते नाही. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका म्हणून सरकारला बँकांना दटावावं लागलं, ते उगाच नाही. पण बापूची भानगड गारपिटीची नव्हती.

काका इतका वेळ गप्प होते. सहकारी बँकेत वसुलीला आयुष्य गेलं त्यांचं, त्यामुळे त्यांना भांडणात रस नसतो, कागदात असतो. "आकडा राहू दे. रिपोर्ट काढ."

"रिपोर्टाला पैसे लागतात ना?"

"कोणी सांगितलं? सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. प्रत्येकीने वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. आणि आपलाच रिपोर्ट आपण बघितला म्हणून स्कोअर पडत नाही."

पिंट्याने बापूच्या फोनवर रिपोर्ट उघडला. तडा गेलेल्या काचेखाली महिन्यांचे चौकोन दिसायला लागले. बापूच्या स्वतःच्या मोटरसायकलच्या कर्जापुढे ओळीने ०००, ०००, ०००. एक हप्ता म्हणून चुकलेला नाही. त्याच्याखाली एक पिकअपचं कर्ज, आणि तिथे ०००, ०३१, ०६२, ०३४. हप्ता तेवढे दिवस थकलेला. वरच्या रकान्यात लिहिलेलं होतं, गॅरंटर, म्हणजे जामीनदार.

"मेव्हणा," बापू म्हणाला.

"करार कायदा, १८७२, कलम १२८," काका म्हणाले. त्यांना ही कलमं अथर्वशीर्षासारखी पाठ आहेत. "जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सही केलीस त्या दिवशी बँकेच्या हिशेबी ते कर्ज तुझंही झालं."

"अहो, सही घेताना म्हणाले, नुसती फॉर्मॅलिटी आहे!"

असंच म्हणतात सगळे. आणि आपण नाही म्हणू शकत नाही, कारण समोर बायकोचा भाऊ असतो. माझं स्पष्ट मत आहे: सही केली तर केली, पण मग दर महिन्याला त्याला फोन करून हप्ता गेला का, हे विचारायचा कोडगेपणाही आपल्यात हवा. बापूने वर्षभर विचारलं नाही. वाईट दिसतं म्हणे.

बंटी खिदळला. "माझं बरंय. लॉकडाऊनमध्ये कार्डाचे ७२ हजार थकले होते. एजंट म्हणाला, ३० भरा, सेटल करून टाकू. विषय संपला. बँकेचं पत्र आहे घरी."

"पत्र असेल. रिपोर्टात काय आहे ते बघ."

रिपोर्टात 'सेटल्ड' होतं. बंटीला तो शेरा चांगला वाटला. काकांनी त्याचा गैरसमज काढला. पूर्ण पैसे फेडलेल्या खात्यावर 'क्लोज्ड' येतं. 'सेटल्ड' म्हणजे बँकेने उरलेल्या पैशांवर पाणी सोडलं, आणि पुढचा कर्ज देणारा हे वाचून तुला दारातूनच वाटेला लावू शकतो.

"मग करायचं काय?"

"उरलेले ४२ हजार भर, नो ड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचा दाखला घे, आणि खातं क्लोज्ड म्हणून कळवा असं बँकेला लेखी दे."

"सोडलेले पैसे परत भरू? मला काय येडं समजलात?"

यावर तासभर वादावादी झाली. नाना अर्थातच बंटीच्या बाजूने. मला विचाराल तर बंटीला एवढ्यात कर्ज काढायचंच नसेल तर राहू दे तसंच. पण घर घ्यायचं असेल तर ४२ हजार फार नाहीत. वीस वर्षांच्या कर्जाला अर्धा-पाऊण टक्का व्याज जास्त लागलं तरी त्याच्या कैकपट जातात.

"त्यापेक्षा ते खांबावरचे कागद असतात ना, 'सिबिल वाढवून मिळेल'? त्यांना पाच हजार दिले तर?" बंटी म्हणाला.

"खरी नोंद कोणाचा बाप पुसू शकत नाही," काका म्हणाले. "आणि खोटी असेल तर तक्रार फुकट करता येते. तीस दिवसांत निकाल लावला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये बँकेने किंवा सिबिलसारख्या कंपनीने तुला द्यायचे." भरलेलं कर्ज चालू दिसणं, दुसऱ्याच कोणाचं कर्ज आपल्या नावावर चढणं, असले घोळ होतात. त्यांच्यासाठी ही तक्रार. आपण केलेल्या उशिरासाठी नाही.

मधे पिंट्याने स्वतःचं रडगाणं लावलं. कार्डाचं लिमिट ५० हजार, दर महिन्याला ४५ खर्च, बिल तारखेच्या आत पूर्ण भरतो, तरी स्कोअर हलत नाही. सीएकडे राहून याला हे माहीत नसावं! बिल निघतं तेव्हा जी बाकी असते ती सहसा वर, म्हणजे सिबिलसारख्या कंपन्यांना कळवली जाते. तू नंतर भरलेस, पण तोवर कार्ड गळ्यापर्यंत भरलेलं दिसलं. थोडे पैसे बिल निघायच्या आधीच टाकावेत, लिमिटच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत राहावं. आणि जुनं कार्ड रागारागाने बंद करू नये.

नाना म्हणाले, "मी जन्मात कर्ज काढलं नाही. माझा स्कोअर तर नऊशे असेल."

"तुमचा स्कोअरच नसेल, नाना."

नाना खरंच दुखावले. पहिलंच कर्ज मागणाऱ्याला निव्वळ इतिहास नाही म्हणून परत पाठवू नका, असं रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलंय, हे काकांनी समजावलं. पण आयुष्यभर उधारी न केल्याचं कौतुक कुठेच लिहिलेलं नाही, हे त्यांना काही पटेना.

बापूचं मात्र डोकं अजून पिकअपमध्येच अडकलेलं. "आत्ताही दोन हप्ते बाकी आहेत म्हणतोय. मीच भरू?"

"भर. पावती तुझ्या नावाची घे. आता नोंदी महिना उलटायच्या आतच वर जातात, त्यामुळे थकबाकी मिटल्याचं लवकर दिसेल. जुने ०६२ काही जाणार नाहीत, पण वर पुन्हा शून्यं लागत गेली की स्कोअर हळूहळू चढतो. सहा-आठ महिने तरी धर. आणि भरलेले पैसे मेव्हण्याकडून वसूल करायचा हक्क कायद्याने तुला आहे."

"कायद्याने आहे हो," बापू म्हणाला. "घरात सांगायचं कोणी?"

काकांकडे त्याचं कलम नव्हतं.